आधी बर्फावरचं इंग्रजी

2018 च्या जुलैत आमच्या शहरातल्या ज्युनियर हॉकी संघाच्या ऑफिसमधून फोन आला. मुलांच्या शिक्षणाचं बघणाऱ्या बाई बोलत होत्या. तुम्हाला रशियन येतं असं कळलं, खरं का? खरं होतं. लहानपणी पुस्तक प्रदर्शनांतून स्वस्तात मिळणारी, सुंदर चित्रांची रशियन गोष्टींची मराठी पुस्तकं वाचून त्या देशाचं वेड लागलेल्या पिढीतली मी. पुढे पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले. लग्नानंतर कॅनडात, ऑन्टारिओत आले आणि या देशात नव्याने येणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला लागले. रशियन मागे पडलं, पण गेलं नव्हतं. रशियाच्या उरल भागातून सतरा वर्षांचा एक मुलगा ऑगस्टमध्ये येणार होता. बचावपटू होता आणि इंग्रजी जवळपास शून्य. त्याला तुम्ही शिकवाल का, असं बाई विचारत होत्या.

इथे नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरचीच. सोळा ते वीस वर्षांच्या मुलांचे तेव्हा साठ संघ होते, बहुतेक कॅनडात, थोडे सीमेपलीकडे अमेरिकेत. तीन लीग मिळून त्यांची कॅनेडियन हॉकी लीग. एनएचएल ही इकडची सगळ्यात वरची व्यावसायिक लीग, तिच्यात पोचणारी कितीतरी मुलं इथूनच पुढे जातात. दर उन्हाळ्यात परदेशी मुलांची निवड होते, तिला इम्पोर्ट ड्राफ्ट म्हणतात. त्या काळात एका संघाला दोनच परदेशी मुलं ठेवता यायची. म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये वीसेक पोरं इंग्रजीत दंगा करणार आणि दोन जण त्यांच्या तोंडाकडे बघत बसणार. घर सोडून आलेली ही मुलं स्थानिक कुटुंबांत राहतात. अशा घराला बिलेट म्हणतात आणि घरातल्या बाईला सगळे बिलेट मॉम.

माझ्या नेहमीच्या वर्गात पहिले काही आठवडे पत्ता सांगणं, बसचं तिकीट, डॉक्टरची वेळ घेणं असं चालतं. या मुलाला बसबद्दल कोणी विचारणार नव्हतं. त्याला दोन दिवसांत बर्फावर उतरायचं होतं, आणि तिथे ज्या शब्दांवर त्याचं अंग वाचणार होतं ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हते. म्हणून पहिल्या सरावाला मी वही घेऊन काचेपाशी जाऊन बसले.

आवाज केवढा असतो, याची बाहेरून कल्पना येत नाही. स्केट्सची पाती बर्फ खरवडतात, पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, कडेच्या फळ्यांवर आपटतो, शिट्ट्या वाजतात आणि या सगळ्यातून पोरं एकमेकांना ओरडून सांगत असतात. ओरडणं एकेका शब्दाचं. व्हील! रिव्हर्स! ओव्हर! रिम! अप! मला इंग्रजी शिकवून इतकी वर्षं झाली तरी त्यातलं निम्मं पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. सराव संपल्यावर असिस्टंट कोचला गाठलं. त्यांनी फळ्यावर रेघा मारून एकेक शब्द समजावला.

समोरचा संघ पक आपल्या गोलच्या मागे कोपऱ्यात मारतो. आपला बचावपटू तो आणायला मागे वळून धावतो. त्याचं तोंड भिंतीकडे, पाठ मैदानाकडे, आणि पाठीवर समोरचा खेळाडू पूर्ण वेगानं येतोय. त्याला मागचं काही दिसत नाही. दिसतं ते त्याच्या जोडीदाराला आणि गोलकीपरला, म्हणून ते ओरडतात. ‘व्हील’ म्हणजे पक घेऊन गोलच्या मागून तसाच वळसा घालून निघ. ‘रिव्हर्स’ म्हणजे आलास त्या बाजूला पक परत सोड, मी मागे आहे. ‘ओव्हर’ म्हणजे पलीकडच्या कोपऱ्यातल्या जोडीदाराला दे. ‘रिम’ म्हणजे भिंतीला लावून जोरात फिरव. ‘अप’ म्हणजे त्याच बाजूला वर उभ्या असलेल्या आघाडीच्या खेळाडूला दे. यातला कुठलाही शब्द एक सेकंद उशिरा कळला तर तोवर धडक बसलेली असते. आणि इथला रिंक युरोपातल्यापेक्षा अरुंद. तिकडे तेव्हा रुंदी साधारण 30 मीटर, इथे 85 फूट, म्हणजे सव्वीस मीटरच्या आसपास. मुलाला लहानपणापासून जेवढी सवड मिळायची सवय, तेवढी इथे मिळत नाही. परकी भाषा आणि कमी सवड, दोन्ही एकदम अंगावर येतं.

पहिला धडा बिलेट मॉमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. साखरेचा डबा म्हणजे गोल, टेबलाची कड म्हणजे भिंत, डॉलरची नाणी म्हणजे आपली पोरं, छोटी चंदेरी नाणी म्हणजे समोरची. मी शब्द म्हणायचा आणि त्यानं नाणं सरकवायचं. सुरुवातीला शब्दाबरोबर मी रशियनमध्ये अर्थ सांगत होते. थोड्या वेळानं रशियन बंद केलं. मग टीव्हीचा आवाज मोठा केला, कारण रिंकवर शांततेत कोणी शिकवणी घेणार नव्हतं. शेवटी त्याला म्हटलं, खुर्ची फिरव आणि माझ्याकडे पाठ करून बस. त्यानं क्षणभर बघितलं, मग ओळखलं आणि पहिल्यांदा हसला. पाठमोरा बसून तो ऐकायचा आणि हात मागे न नेता बोटानं दाखवायचा, डावीकडे, उजवीकडे, वर. हॉकीतलं मला काही कळत नव्हतं. त्यामुळे मध्येच तो थांबवून मलाच समजावायचा की असं नाही, अशा वेळी जोडीदार इथे असतो. ती नाणी सरकवत तो जे समजावत होता त्यात हळूहळू इंग्रजी शब्द येऊ लागले. शिकवताना मला सगळ्यात आवडतो तो हा टप्पा. माणूस भाषेकडे बघायचं सोडून गोष्टीकडे बघू लागतो.

त्याच दिवशी त्यानं माझ्या वडिलांचं नाव विचारलं. रशियात शिक्षकांना नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, नावापुढे वडिलांच्या नावावरून केलेलं नाव लावतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतंच, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. पण माझ्या बाबांच्या नावाला ‘ओव्ना’ जोडून त्यानं हाक मारली तेव्हा मी पार विरघळले. बाबा असते तर फार खूश झाले असते.

यावरून घरातली एक अडचण उलगडली. बिलेट मॉम मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या की मुलगा गुणी आहे, पण मागे येऊन नुसता उभा राहतो, हाक मारत नाही. मी वळून बघेपर्यंत तसाच. मला दचकायला होतं. त्यांनी त्याला सांगितलं होतं की मला माझ्या नावानं हाक मार. आता ज्या मुलाच्या भाषेत आपल्यासारखंच ‘तू’ वेगळं आणि ‘तुम्ही’ वेगळं, त्यानं आईपेक्षा मोठ्या बाईला एकेरी नावानं हाक कशी मारायची? त्याला ते जमेना, म्हणून तो हाकच मारत नव्हता. भूक लागली तरी. मी दोघांना समोरासमोर बसवून हे सांगितलं. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नावाच्या आधी ‘मिस’ लावायचं ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून फ्रीजमधलं दही संपायला लागलं.

सप्टेंबरअखेर हेड कोचनं बोलावलं. म्हणाले, पोरगा खेळतो छान, पण सांगितलेलं करत नाही. मी विचारतो कळलं का, तो मान हलवतो आणि जाऊन भलतंच करतो. याची काही मिजास आहे का?

या खेळात रशियन मुलांबद्दल बोलताना ‘गूढ’ हा शब्द सर्रास वापरतात. मला त्या शब्दाची चीड आहे. सतरा वर्षांच्या पोरात गूढ काय असणार? त्याला बोलता येत नाही, म्हणून तो गप्प असतो. आणि वीस पोरं बर्फावर घाम गाळत उभी असताना, सगळ्यांना थांबवून ‘मला नाही कळलं’ म्हणायला जी हिंमत लागते, ती मोठ्या माणसांकडेही नसते. माझ्या वर्गात इंजिनियर, नर्स अशी चांगली शिकलेली माणसं येतात, तीही मान हलवतात. कोचना मी एवढंच सांगितलं की ‘कळलं का’ असं त्याला कधीच विचारू नका. मार्कर त्याच्या हातात द्या आणि म्हणा, काढून दाखव. दुसरी विनंती अशी की उद्याच्या सरावाचं चित्र आदल्या रात्री त्याच्या फोनवर पाठवा.

कोच कमी बोलणारे गृहस्थ. हो-नाही काही म्हणाले नाहीत. पण त्याच रात्री मुलाच्या फोनवर चित्र आलं. मुलानं ते मला पाठवलं, मी त्यावरचे शब्द सोडवून दिले, आणि पुढे हंगामभर हा रिवाज पडला. पुढच्या सरावात कोचनं मार्कर त्याच्यापुढे धरला. त्यानं जे काढलं ते पाहून कोच असिस्टंटला म्हणाले की हा तर माझ्यापेक्षा नीट काढतो. रशियन हॉकी शाळांतून ही मुलं पाचसहा वर्षांची असल्यापासून शिकतात. खेळाची समज त्याच्याकडे ढीगभर होती. अडकलं होतं ते फक्त आत-बाहेर करणारं दार.

आता जे सांगायचं आहे ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूची मेंदूच्या हादऱ्याची, कन्कशनची, आधारचाचणी घेतात. धडधाकट असताना तुमची स्मरणशक्ती, लक्ष, तोल किती हे नोंदवून ठेवायचं, म्हणजे पुढे डोक्याला मार बसला की त्याच्याशी ताडून बघता येतं. दहा शब्द ऐकवतात, ते लक्षात ठेवायचे. आकडे उलटे म्हणायचे. वर्षाचे महिने डिसेंबरपासून मागे म्हणायचे. शिवाय बावीस लक्षणांची यादी असते, प्रत्येकाला शून्य ते सहा गुण द्यायचे. ट्रेनर म्हणजे इथे खेळाडूंच्या दुखापतींचं बघणारा माणूस. त्यानं सगळ्या मुलांबरोबर यालाही इंग्रजीतच बसवलं होतं. मी सहज म्हणून खोलीत होते. मुलगा ‘ऑगस्ट’पाशी अडकला. शब्द तर त्याला चारच आठवले, कारण उरलेल्या सहांचा अर्थच त्याला माहीत नव्हता.

मी ट्रेनरची परवानगी घेऊन त्याला म्हटलं, हेच महिने रशियनमध्ये म्हण. त्यानं एका दमात म्हटले.

ट्रेनर हुशार होता, मला जास्त बोलावं लागलं नाही. धडधाकट मुलाचे गुण कागदावर आधीच कमी लागले, तर उद्या खरोखर मार बसल्यावर ते तेवढेच कमी दिसणार आणि सगळे म्हणणार की फरक नाही, खेळू द्या. भाषेच्या अडचणीमुळे दुखापत लपून जाईल. त्यानं तो कागद बाजूला ठेवला. संगणकावरच्या चाचणीत रशियनचा पर्याय होता, तो लावला. बावीस लक्षणांची यादी मी भाषांतरित केली, पण माझ्या एकटीच्या भरवशावर ठेवली नाही. ओळखीच्या एका रशियन डॉक्टरबाईंकडून शब्द न् शब्द तपासून घेतला. ते गरजेचंच होतं. कारण त्या यादीत डोकेदुखी, मळमळ असं सरळ काही आहे, तसंच ‘धुक्यात असल्यासारखं वाटणं’, ‘नेहमीसारखं न वाटणं’ असंही आहे. इंग्रजी नीट येणाऱ्यालाही हे कुणाला कसं सांगावं असा प्रश्न पडतो. हा मुलगा तर थंडी वाजते एवढं सांगताना पण अडखळायचा. रशियनमध्ये आपल्यासारखंच ‘मला थंड’, ‘मला मळमळतं’ अशी रचना असते, इंग्रजीतलं ‘आय अ‍ॅम’ तिथे नाहीच. घाबरलेला माणूस व्याकरणाची जुळवाजुळव करत बसत नाही, तो ‘गुड’ म्हणून मोकळा होतो.

नोव्हेंबरमध्ये परगावच्या सामन्यात त्याला धडक बसली. त्यात भाषेचा संबंध नव्हता, खेळात बसते तशी नियमातली धडक होती. संध्याकाळी ट्रेनरचा फोन आला, स्पीकरवर. मागे मुलाचा आवाज ऐकू येत होता, ‘आय गुड, आय गुड.’ इथली सगळी मुलं हेच म्हणतात, कॅनेडियन सुद्धा. बाहेर बसवतील ही भीती. मी रशियनमध्ये विचारलं, खरं सांग, डोकं कसं आहे? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, डोकं कापसाचं झालंय. मी ट्रेनरला ते तसंच सांगितलं आणि यादीतलं ‘धुक्यात असल्यासारखं’ त्याच्या जवळचं आहे हेही सांगितलं. मग एकेक लक्षण विचारत गेलो. प्रकाशाचा त्रास होत होता, मळमळत होतं. हे त्यानं आधी सांगितलं नव्हतं. त्याला लगेच बाहेर काढलं. पुढे डॉक्टर, विश्रांती, मग एकेका पायरीनं परत, आधी सायकल, मग एकट्यानं स्केटिंग, मग सराव, मग धडकांसकट सराव. काही आठवडे गेले. तो खूप चिडला होता माझ्यावर. त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला, तिनं मला रडत रडत धन्यवाद दिले आणि शेवटी विचारलं, जेवतो का नीट? (त्यावर उपाय सोपा होता. आमच्याकडे एक पोलिश दुकान आहे, तिथे ते लोक भातासारखा शिजवून खातात तो बकव्हीट मिळतो, म्हणजे आपल्याकडे उत्तरेत उपासाला चालतो तो कुट्टू. बिलेट मॉमनी तो शिजवायला शिकून घेतला.)

संघातला दुसरा परदेशी खेळाडू स्लोव्हाक होता, एका वर्षानं मोठा, इंग्रजी बऱ्यापैकी. हात, डोकं, पाणी, दुखतंय असे कितीतरी शब्द दोघांच्या भाषांत जवळपास सारखे, त्यामुळे बसमधल्या लांबच्या प्रवासात त्यांची आपापसात एक तिसरीच बोली तयार झाली. फसगतही व्हायची. आमच्या मुलानं हंगामातला पहिला गोल मारल्यावर स्लोव्हाक मुलगा त्याला मिठी मारून ‘उझास्ने’ म्हणाला. स्लोव्हाकमध्ये त्याचा अर्थ अप्रतिम. रशियनमध्ये जवळजवळ तोच शब्द म्हणजे भयंकर. हिंदी माणसानं ‘शिक्षा’ म्हटलं की आपण दचकतो तसा हा दचकला. पण मिठीवरून अर्थ कळला.

असा एखादा जोडीदार मिळणं किती मोलाचं असतं, हे एनएचएलचे संघ फार आधी शिकले आहेत. 1990 मध्ये अठरा वर्षांचा चेक खेळाडू यारोमिर यागर पिट्सबर्गला आला. इंग्रजी नाही, घरची आठवण सोसवत नाही. संघानं त्या डिसेंबरात कॅल्गरीकडून यिर्झी हर्दिना हा अनुभवी चेक खेळाडू मागून घेतला, तो मुख्यतः यागरला सोबत म्हणून. 1991 आणि 1992 मध्ये पिट्सबर्गनं स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचा विजेता करंडक, जिंकला. 2006 मध्ये त्याच शहरात येवगेनी माल्किन आला आणि सर्गेई गोंचार या रशियन सहकाऱ्याच्या घरीच राहिला. आमचा मुलगा माल्किनचा भक्त. त्याला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याला ती आधीच पाठ होती.

उलट बाजूही आहे. 1989 मध्ये सोव्हिएत खेळाडूंना बाहेर जायची मुभा मिळाली तेव्हा इगोर लारिओनोव्ह आणि व्लादिमिर क्रुतोव्ह हे एकाच आघाडीत खेळणारे दोघे व्हँकुव्हरला आले. लारिओनोव्ह इंग्रजी शिकून आला होता. तो टिकला आणि पुढे डेट्रॉइटकडून स्टॅनली कप जिंकला. क्रुतोव्ह एक हंगाम खेळला आणि संपला. वजन वाढलं, घर आठवायचं, बरीच कारणं होती, सगळं भाषेवर ढकलता येणार नाही. पण जगातला एवढा मोठा खेळाडू ज्या गावात लारिओनोव्हसारखा एखादा सोडला तर कुणाशी मनातलं बोलू शकत नव्हता, तिथे त्याचं काय झालं असेल, हा विचार मला सोडत नाही. कोचना मी क्रुतोव्हचंच उदाहरण दिलं होतं. त्यांना तो खेळताना आठवत होता.

शाळेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी तो स्थानिक हायस्कूलमध्ये परदेशी मुलांच्या इंग्रजीच्या वर्गाला बसायचा आणि गृहपाठ बसमध्ये करायचा. फोनवरचं भाषांतराचं ॲप दुकानात कामाला यायचं, ड्रेसिंग रूममध्ये नाही, कारण तिथे निम्मी भाषा चेष्टेची आणि उरलेली शिव्यांची. शिव्या त्याला पोरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवल्या होत्या. त्यांचा अर्थ आणि कुठे वापरायच्या नाहीत हे मी शिकवलं. बिलेट मॉमच्या घरी पाहुणे असताना त्याचा उपयोग झाला.

जानेवारीत मी एका घरच्या सामन्याला गेले होते, नेहमीच्या जागी, काचेपाशी. आमच्या बाजूच्या कोपऱ्यात पक आला. या वेळी त्याचा जोडीदार पक आणायला गेला होता आणि हा मागे होता. त्यानं ‘रिव्हर्स’ अशी आरोळी ठोकली. काचेच्या अलीकडे मला स्वच्छ ऐकू आली. जोडीदारानं न बघता पक मागे सोडला, यानं उचलला आणि निघाला. बाकी लोकांच्या लेखी तिथे काहीच घडलं नव्हतं, गोल नाही, टाळी नाही. मी मात्र उभी राहिले होते. ऐकून समजणं त्याला ऑक्टोबरपासूनच जमत होतं. पण दुसऱ्याला सांगण्यासाठी, आपला उच्चार कसा आहे याची पर्वा न करता, सगळ्यांच्या देखत ओरडणं, ही फार पुढची गोष्ट. त्यानंतर तो थांबलाच नाही. मार्चमध्ये कोच म्हणाले, आता याला जरा गप्प बसायला शिकवा, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा फुललेला होता.

तो दोन हंगाम राहिला, मग मायदेशी खेळायला परत गेला. अजून वाढदिवसाला माझ्या बाबांच्या नावासकट निरोप येतो.

2022 च्या निवडीत रशियन आणि बेलारूसी मुलांना घ्यायचं नाही असं लीगनं ठरवलं. 2023 मध्येही तेच. त्या काळात आमच्या गावच्या लहान मुलांच्या रिंकवर युक्रेनमधून आलेली पोरं दिसायला लागली. त्यांच्यातल्या काहींच्या घरी रशियन बोलत असत, पण आता त्यांना ती भाषा कानावर नको होती. एका आईनं मला हळू आवाजात विचारलं, तुम्ही मुलाशी इंग्रजीतच बोलाल का, नाही जमलं तर खुणांनी? मी हो म्हटलं आणि चार कामाचे युक्रेनियन शब्द तिच्याकडून शिकून घेतले. डोकं दुखतंय, चक्कर येतेय, थांबायचंय, आई कुठे आहे. भाषा येते म्हणून ती वापरायचा हक्क मिळत नाही, हे मला त्या दिवसांत उमगलं.

2024 मध्ये बंदी उठली. ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका संघातून फोन आला. रशियन मुलगा येतोय, गोलकीपर आहे, इंग्रजी शिकवाल का? मी विचारलं, कन्कशनची आधारचाचणी कोण घेतं आणि कुठल्या भाषेत? पलीकडचे गृहस्थ जरा थांबले. म्हणाले, हे कधी कोणी विचारलं नव्हतं, बघून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ट्रेनरचा मेल आला, रशियनचा पर्याय त्यांच्याकडेही आहे, चाचणीच्या वेळी तुम्ही याल का? बावीस लक्षणांची ती तपासलेली यादी मी त्यांना लगेच पाठवली. त्याखाली आणखी एक ओळ घातली, ‘डोकं कापसाचं झालंय’, आणि तिच्यापुढे लिहिलं की हे ऐकू आलं तर त्याला खेळवू नका.